पाटणच्या मठापासून संगणकापर्यंत
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या चाळीसगावजवळ पाटण येथे सन १२०७ चा एक शिलालेख सापडलेला आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापिला व निकुंभ राजा सोइदेव याने त्यास दान दिले, अशी त्यात नोंद आहे. बाजारातील वसुलीचा काही भागही मठाकडे लावून दिला होता. गणित शिकणाऱ्याचा भार गावाने उचलावा, ही रीत या मातीत इतकी जुनी आहे. पुढे सन १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील फैजी यांनी ‘लीलावती’ फारसीत आणली, तर शहाजहानच्या काळी अताउल्ला रशीदी यांनी ‘बीजगणित’. चांगले होते म्हणून घेतले आणि पुढे दिले.

आज आपला मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला गेली, की फीच्या पाठोपाठ पुस्तके आणि संगणकाच्या प्रोग्रॅमचा खर्च येतो. मॅटलॅबसारखा प्रोग्रॅम विकत घ्यावा लागतो. मग मुले चोरटी प्रत मिळवितात. पालकांना याचा पत्ताही नसतो. हलाल कमाईवर शिकणाऱ्या मुलाने असे का करावे? विशेषतः जेव्हा सरळ मार्ग उघडा आहे.

फ्रान्समधील संशोधकांनी तयार केलेला सायलॅब हा प्रोग्रॅम तसेच बरेचसे काम करतो, आणि तो कोणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, दुसऱ्यास द्यावा. मुंबईच्या आय.आय.टी.ने प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या मदतीने, ‘फॉसी’ प्रकल्पात याचा प्रसार केला. त्यातील एक काम मला फार मोलाचे वाटते. समजा, पाठ्यपुस्तकात भट्टीच्या भिंतीतून किती उष्णता बाहेर जाते याचे उदाहरण सोडविलेले आहे. विद्यार्थ्याने तेच सायलॅबमध्ये लिहायचे, उत्तर पुस्तकाशी ताडायचे. तपासणी झाली की ते सर्वांसाठी खुले. पुढच्या मुलाने विटेची जाडी बदलली की नवे उत्तर लगेच समोर! पुस्तकाची नक्कल यात नाही. पुस्तक ग्रंथालयातूनच घ्यायचे. देशभरच्या विद्यार्थ्यांनी अशी शेकडो पुस्तके सोडविली आणि त्यांना मानधनही मिळाले.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांसाठी तेथीलच ‘स्पोकन ट्युटोरियल’चे छोटे पाठ आहेत. पडद्यावर अक्षरे इंग्रजी, पण समजावणारा आवाज मराठी. कॉलेजातही अखेर इंग्रजीच पडद्याशी गाठ असते, म्हणून ही योजना मला शहाणपणाची वाटते.

पालकांना वाटेल, फुकटची वस्तू हलकी असणार. तसे नाही. जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळा असलेच प्रोग्रॅम वापरतात. मात्र ते शिकायला बसावे लागते, आणि घरी संगणक नसलेल्या मुलीने बसावे कुठे?

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. सुटीत संगणकाच्या खोलीला कुलूप लावू नका. एक शिक्षक, चार मुले, चार मुली आणि ग्रंथालयातील एक जुने पुस्तक, एवढ्यावर पहिले प्रकरण येत्या मे महिन्यात सोडविता येईल.