चिखलांत नाहींशी होणारी खडी

काळ्या मातीच्या मुलखांत एक प्रकार पुष्कळ गांवांच्या अनुभवाचा आहे. उन्हाळ्यांत कच्च्या रस्त्यावर पसरलेली खडी श्रावण उजाडण्यापूर्वींच दिसेनाशी होते. गांवकरी कंत्राटदाराला दोष देतात, कंत्राटदार पावसाला देतो. आणि मध्यंतरीं एखाद्या आजारी माणसाला खाटेवर घालून चिखलांतून न्यावें लागतें. वस्तुतः ती खडी रस्त्याच्याच पोटांत गेलेली असते. चाकाचा भार पडतांच खडे ओल्या मातींत रुततात आणि त्यांच्या फटींतून चिखल वर चढतो. दगड दगडाला टेकेनासा झाला, कीं थराचें बळ संपलें. त्यावर नवी खडी टाकली तर तीहि त्याच वाटेनें जाते.

खडी व चिखल यांची ही भेट टाळावी, हा विचार जुनाच आहे. १८३० सालीं सुरू झालेल्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या मार्गांत चॅट मॉस नांवाची विस्तीर्ण दलदल होती. जॉर्ज स्टीफन्सननें झुडपांच्या फांद्यांच्या विणलेल्या ताट्या पसरून तीवरून रूळ नेले. पुढें १९२६ सालीं अमेरिकेंतील साउथ कॅरोलिना संस्थानाच्या रस्तेखात्यानें रस्त्यांत जाड सुती कापड घालून पाहिलें. कापड टिकलें तोंपर्यंत रस्ताहि टिकला. पण सूत कुजतें. ती अडचण कृत्रिम धाग्यांनीं दूर केली. १९८१ सालीं जे. पी. जिरू व एल. नॉयरे यांनीं असें कापड घातल्यास कच्च्या रस्त्यावरील खडीचा थर किती कमी करतां येईल, याचें गणित मांडलें.

या भूवस्त्राचें काम तिहेरी आहे. तें पाणी जाऊं देतें, पण माती अडवितें. खडी बाजूंना सरकूं लागली, तर तिला आवरतें. आणि चाकोरी खोल झाली, कीं ताणलेल्या झोळीप्रमाणें भाराचा कांहीं अंश उचलतें. जाळीच्या स्वरूपाचें भूजाल असेल, तर खडे त्याच्या घरांत अडकून बसतात. माती जितकी मऊ, तितका लाभ अधिक. मुरमाड, टणक जमिनीवर हा खर्च बहुधा व्यर्थ होय.

मात्र नियम पाळलेच पाहिजेत. कापड सुरकुती न पडतां अंथरावें, जोडांवर एक पट्टा दुसऱ्यावर पुरेसा चढवावा, तें फार दिवस उन्हांत ठेवूं नये, आणि खडी पडण्यापूर्वीं त्यावरून गाडी मुळींच नेऊं नये. रस्त्याला दोन्ही बाजूंस उतार व गटारें हवींतच. तुंबलेल्या पाण्यावर कोणत्याहि कापडाचा इलाज चालत नाहीं. तागाचीं व काथ्याचीं वस्त्रेंहि उपयोगांत आहेत. तीं कालांतरानें कुजतात. म्हणून तेवढ्या अवधींत खालची माती दाबून घट्ट होण्यासारखी असेल, तेथेंच तीं पुरेशीं ठरतात.

एकदां खडी पडली, कीं हें सर्व दृष्टीआड होतें. म्हणून गांवच्या रस्त्याचें काम चालूं असतां दोन शहाण्या माणसांनीं जाऊन जोड व गटारें डोळ्यांनीं पाहावींत. पुढची तपासणी पाऊस करतो, आणि तो कोणाची भीड धरीत नाहीं.