व्होल्टा नदीची वीज

ज्या श्रोत्यांसमोर आफ्रिकेचा नकाशा असेल, त्यांस पश्चिम किनाऱ्यावरील घाना देशांत एक भला मोठा निळा जलाशय दिसेल. १९६० सालच्या नकाशांत तो सांपडणार नाहीं. व्होल्टा नदीस अकोसोंबो येथें बांध घालून माणसानें तो निर्माण केला. त्याचा विस्तार सुमारें ८,५०० चौरस किलोमीटर आहे.

या जागीं धरण होऊं शकेल, हें आल्बर्ट किटसन या भूस्तरशास्त्रज्ञानें १९१५ सालींच ओळखलें होतें. परंतु १९५७ मध्यें देश स्वतंत्र झाल्यावर क्वामे एन्क्रुमा यांनीं नेट लावला, तेव्हां कुठें तें काम मार्गीं लागलें. कर्ज देणाऱ्यांस विजेचें खात्रीचें गिऱ्हाईक हवें होतें. तें टेमा बंदरांत अमेरिकन भांडवलानें निघालेल्या अॅल्युमिनियमच्या कारखान्याच्या रूपानें मिळालें, आणि बहुतेक वीज अत्यल्प दरानें त्याच्याकडे वळली. घानाच्या भूमींत बॉक्साइट असतां कारखान्यास लागणारा कच्चा माल मात्र परदेशांतून येई! जानेवारी १९६६ मध्यें धरणाचें उद्घाटन झालें. पुढच्याच महिन्यांत एन्क्रुमा पदच्युत झाले.

सरोवरासाठीं सुमारें ८०,००० माणसें उठलीं. सातशेंहून अधिक खेडीं पाण्याखालीं गेलीं व त्यांच्याऐवजीं ५२ वसाहती वसविण्यांत आल्या. कुटुंबास एक पुरी खोली, तीवर अॅल्युमिनियमचें छप्पर आणि बाकीच्या खोल्यांचा नुसता पाया. भिंती ज्यानें त्यानें उभाराव्या. ज्यांचीं शेतें बुडवून वीज निघाली, त्यांच्या कित्येक वसाहतींत विजेचा दिवा लागण्यास पुढें अनेक वर्षें जावीं लागलीं. छप्पर अॅल्युमिनियमचें आणि आंत रॉकेलची चिमणी, असा हा प्रकार होता.

१९८९ सालीं सरकारनें २०२० पर्यंत सर्व देशांत वीज नेण्याचें ठरविलें. तेव्हां फार तर पांचांत एकाच्या घरीं वीज होती. या योजनेंतील एक युक्ति मोठी व्यवहारी होती. विजेच्या जाळ्यापासून २० किलोमीटरांच्या आंतील गांवानें खांब स्वतः आणून उभे करावे, निदान तिसरा हिस्सा घरांत तारा बसवून घ्याव्या, म्हणजे सरकारनें तेथवर वीज आणून द्यावी. गांवानें आधीं पदरमोड केली, तरच सरकारची वीज! २०२० उजाडलें तेव्हां शेंकडा ८५ च्या आसपास लोकांना वीज मिळालेली होती. आफ्रिकेंत थोड्याच देशांस हें साधलें आहे.

मात्र वीज वाढत गेली तसें पाणी वाढलें नाहीं. धूर व कर्बाम्लवायु न ओकणारी ही वीज सर्वस्वीं पावसाच्या स्वाधीन. १९८३-८४ च्या अवर्षणांत टेमाचा कारखानाच बंद ठेवावा लागला. सरोवराची पातळी २४० फुटांच्या खालीं जाऊं नये असा दंडक आहे. २००६-०७ मध्यें ती त्याच्याही खालीं उतरली. मग तेल व वायु जाळणारीं केंद्रें वाढलीं. ऑगस्ट २०१२ मध्यें नायजेरियाहून समुद्रांतून येणारी वायूची नळी टोगोजवळ एका जहाजाच्या नांगरानें तुटली, इंधनाचे पैसे थकले, आणि वीज दिवसचे दिवस येऊं-जाऊं लागली. लोकांनीं तिला ‘डुमसोर’ असें नांव दिलें. अकान भाषेंत ‘डुम’ म्हणजे विझव आणि ‘सोर’ म्हणजे पेटव. एके काळीं जवळजवळ सारी वीज पाण्याची असलेल्या या देशांत आज निम्म्याहून पुष्कळ अधिक वीज इंधन जाळून निघते.

यावर एक उपाय बुई येथें चालूं झाला आहे. २०१३ सालीं पुऱ्या झालेल्या या ४०० मेगावॅटच्या धरणाशेजारीं सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या तावदानांच्या रांगा उभ्या आहेत. दिवसां सूर्याची वीज वापरावी, तेवढें पाणी धरणांत राखावें, आणि अंधार पडल्यावर तें सोडावें. सूर्याची वीज रात्रीसाठीं सांठवावयाची तर विद्युत्घट लागतात व ते महाग पडतात. येथें तें काम धरणाचें पाणीच करतें.

व्होल्टा सरोवर भरलें तेव्हां उंच जागांचे माथे पाण्याबाहेर राहून त्यांचीं बेटें झालीं. तेथें मासेमारी करणारे लोक राहतात. इतक्या पाण्यावरून तारा नेणें परवडत नाहीं. २०१६ च्या सुमारास सरकारनें पाण्यानें दूर पाडलेल्या अशा पांच वस्त्यांत सूर्याची वीज देणारीं छोटीं केंद्रें उभारलीं व शहरांतलाच दर तेथें लावला. बाकीच्या कितीतरी बेटांवर अकोसोंबोचें पाणी चहूंकडून दिसतें. त्याची वीज अद्याप गेलेली नाहीं.