उद्याचे शहर, आजचे दायित्व



घर बांधताना जाणता गृहस्थ केवळ आजच्या माणसांचा विचार करीत नाही. मुले मोठी होतील, घरात सुना येतील, वृद्धांना जिना चढवणार नाही, हे ध्यानी घेऊन तो खोल्यांची मांडणी करतो. शहर हे तर लक्षावधी कुटुंबांचे घर! त्याची मांडणी करण्याचे दायित्व स्थानिक स्वराज्य संस्थेवर असते. ज्या दस्तऐवजातून ती हे दायित्व पार पाडते, त्याचे नाव 'विकास आराखडा'.

नगररचनेचा कायदा आपल्याकडे नवा नाही. मुंबई प्रांतात तो १९१५ मध्येच झाला. आज लागू असलेला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यानुसार महापालिका प्रथम आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग जमिनींचा सध्याचा वापर नकाशावर नोंदवला जातो, भावी लोकसंख्येचा अंदाज बांधला जातो आणि शाळा, रुग्णालय, मंडई, उद्यान, क्रीडांगण व रस्ते यांसाठी जागा राखून ठेवल्या जातात. हा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते आणि अखेरीस राज्य शासन मंजुरी देते. वीस वर्षांतून किमान एकदा आराखड्याची फेरतपासणी व्हावी, असा कायद्याचा दंडक आहे.

कागदावर ही व्यवस्था निर्दोष भासते. प्रत्यक्षात काय घडते, हे पुण्याच्या उदाहरणावरून पाहता येईल. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ चा. त्यानंतरच्या आराखड्याला मंजुरी मिळाली ती २०१७ मध्ये! तीस वर्षे लोटली. १९८७ साली जन्मलेल्या ज्या बालकासाठी नकाशावर क्रीडांगण राखले गेले, ते बालक तोवर तिशीचे झाले. त्याच १९८७ च्या आराखड्यात शहरांतर्गत वर्तुळाकार जलद वाहतूक मार्ग आखलेला होता. तो मार्ग नकाशावरच राहिला आणि वाहनांची संख्या मात्र कोणाच्या मंजुरीसाठी थांबली नाही.

असे का होते? आरक्षण टाकणे सोपे, जागा ताब्यात घेणे कठीण. त्यासाठी मोबदला द्यावा लागतो, रोख रकमेच्या वा हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने. दहा वर्षांत भूसंपादन झाले नाही, तर जमीनमालक कायद्याच्या १२७ व्या कलमाखाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरावीक मुदतीत पालिकेने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द ठरते. जमीनमालकावर अन्याय होऊ नये, म्हणून ही तरतूद योग्यच आहे. परंतु पालिकेच्या दिरंगाईची किंमत भरतो तो त्या पेठेतला, त्या उपनगरातला सामान्य माणूस. म्हणूनच अंदाजपत्रकात भूसंपादनासाठी तरतूद नसेल, तर आराखडा हा केवळ रंगीत नकाशा उरतो.

दुसरा प्रश्न हद्दीचा. पुण्याच्या हद्दीत १९९७, २०१७ आणि २०२१ मध्ये भोवतालची गावे समाविष्ट झाली. शहर गावांच्या वेशीवर पोहोचते ते समावेशाच्या अधिसूचनेपूर्वीच. घरे आधी उभी राहतात. रस्ते, जलवाहिन्या आणि मलवाहिन्या यांसाठी वाट मागाहून शोधावी लागते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने दहा लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समितीची तरतूद केली, ती याचसाठी. नदी, टेकडी व पाणीपुरवठा यांना पालिकेची हद्द ठाऊक नसते.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. समाविष्ट गावांतील टेकड्या इमारतींखाली जाऊ नयेत, यासाठी पुण्यातील जागरूक नागरिकांनी वर्षानुवर्षे चिकाटीने पाठपुरावा केला. २०१५ मध्ये तेथील जैववैविध्य उद्यानाच्या आरक्षणावर शासनाने शिक्कामोर्तब केले. मुंबईतही २०१५ च्या प्रारूप आराखड्यातील चुका लोकांनी निदर्शनास आणल्यावर शासनाला तो नव्याने तयार करण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित आराखडा २०१८ मध्ये लागू झाला.

या दोन्ही उदाहरणांचा बोध एकच. आराखडा तयार करणे हे तज्ज्ञांचे काम, पण तो राखणे हे समाजाचे. प्रारूप प्रसिद्ध होते, तेव्हा किती कुटुंबे आपल्या वस्तीचे पान उघडून पाहतात? आपल्या प्रभागात कोणती आरक्षणे आहेत, किती ताब्यात आली, किती मुदतीच्या काठावर आहेत, एवढी यादी प्रत्येक वस्तीतील चार जाणत्यांनी केली आणि दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी नगरसेवकापुढे ठेवली, तरी पुष्कळ साधेल.

आंब्याची कोय लावणारा आजोबा फळाची आशा नातवासाठी धरतो. शहराच्या नकाशावरील हिरवा ठिपका ही तशीच कोय आहे. ती लावून विसरायची नसते; तिला पाणी घालावे लागते.