भाकरी सोडली तेव्हा

गेल्या वर्षी मी भाकरी सोडली. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. भाच्याने ‘किटो’ आहाराने वजन उतरवलेले पाहिले आणि मीही भात, भाकरी, डाळ, फळे बंद केली. उरले मटण, अंडी, पनीर आणि तूप. आठवड्यात ३ किलो घटले. बायको म्हणाली, “तोंडाला कसला वास येतोय तुमच्या?”

दोन्हींचा अर्थ नंतर कळला. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण असते, साधारण अर्धा किलो. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते. पिष्टमय पदार्थ थांबले की साठवण ओसरते आणि पाणीही निघून जाते. म्हणजे माझे ३ किलो बहुतांशी पाणीच! मग यकृत चरबीपासून कीटोन बनवते आणि मेंदू बराचसा त्यांच्यावर चालतो. त्यातलाच ॲसिटोन श्वासातून बाहेर पडतो. नेलपॉलिश काढतात, तो वास.

हा आहार मुळात वजनासाठी नव्हताच. उपवासात फिट कमी येतात, हे जुने निरीक्षण. उपाशी न ठेवता तोच परिणाम साधावा म्हणून अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली तो सुचवला. औषधांना न जुमानणाऱ्या मुलांच्या अपस्मारावर तो आजही देतात. तोलूनमापून, डॉक्टरांच्या नजरेखाली.

माझ्यावर नजर कुणाची नव्हती. बाराव्या दिवशी एका कविसंमेलनात माझ्याच कवितेच्या ओळी पुसट झाल्या, हात थरथरले, सदरा घामाने भिजला. लोकांना वाटले, कवी भारावला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मात्र ओळखले आणि भरपूर साखरेचा चहा पाजला. साखर उतरवणारी गोळी मी पूर्वीइतकीच घेत होतो, आणि उतरवायला साखर उरली नव्हती.

डॉक्टरांनी एवढेच विचारले, “रोजांआधी दरवर्षी येऊन गोळ्या बदलून घेता, मग आत्ता का नाही आलात?” मी गप्प. पोटभर मटण खाणे हाही शरीराच्या लेखी उपासच, हे मला कसे सुचावे! ते म्हणाले, इन्सुलिनवर जगणाऱ्यांना तर याहून मोठा धोका. इन्सुलिन कमी पडले तर हेच कीटोन आवरेनासे होतात, रक्त आम्लधर्मी होते आणि जिवावर बेतते.

गोळी आता अर्धी झाली आहे. भाकरी दोन वेळची मिळून दीड ठरली. ती अर्धी दुपारची की रात्रीची, यावर घरात रोज वाद होतो.