माप कोणाच्या हाती?



 न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते थोडे वाचनालयात आणि पुष्कळसे न्हावा शेव्याच्या बंदराच्या गेटवर. १९८९ साली ते बंदर सुरू झाले तेव्हा आम्ही विशीच्या आत होतो. आज केस पिकले आहेत. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते गेटवरच्या माणसाचे सांगणे आहे, एवढे लक्षात ठेवून ऐकावे.

विषय आहे इंटरनेटचा. तो कसा चालतो हे सांगायला इंजिनिअर आहेत. तो कोणत्या मापाने विकला जातो आणि त्या मापाने गरिबाच्या घरात काय घडते, एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

माप ही वस्तू आम्हां बंदरातल्या लोकांना नवी नाही. आमचे सारे आयुष्य मापात गेले. कंटेनर मोजायचा तो २० फुटी मापाने. त्या मापाने २०२४-२५ या वर्षात आमच्या बंदराने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. माल ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहिला की डेमरेज लागते, तेही दिवस मोजून. या महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याने हमालाला संरक्षण दिले, तसेच तोलणारालाही दिले. कारण काटा ज्याच्या हाती असतो त्याच्यावर किती भिस्त असते, हे अण्णासाहेब पाटलांसारखे लोक जाणून होते. तेव्हा माप म्हणजेच पाप, असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की माप कोणी ठरविले आणि ते कोणाच्या बाजूने कलते?

आता थोडा इतिहास. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आला तो १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा तो तासांच्या हिशेबाने विकला जाई. पुढे २००५ च्या सुमारास ब्रॉडबँड आले आणि तासांच्या जागी एमबी मोजू लागले. सरकारी कंपनीच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठपर्यंत मोजणी बंद असे. त्यामुळे पुष्कळ मुले गजर लावून रात्री दोनला उठत. मोबाइलवर तर २०१४ साली एका जीबीला देशात सरासरी सुमारे २७० रुपये पडत होते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात उतरली, आधी फुकट आणि मग स्वस्त. दोन वर्षांत, म्हणजे २०१८ साली, तोच जीबी सुमारे १२ रुपयांवर आला. हे उपकारच झाले. जहाजावर कंटेनर बांधणारा लॅशिंगचा कामगार, करंजाचा कोळी, ट्रेलरचा ड्रायव्हर, यांच्या हाती इंटरनेट आला तो तेव्हा. जे चांगले झाले ते चांगले म्हटलेच पाहिजे.

परंतु स्वस्ताई आली तशी सवय लागली आणि सवयीपाठोपाठ सक्ती आली. आज ड्रायव्हरला गाडीची कागदपत्रे, आत जाण्याचा परवाना, फास्टॅगचा हिशेब, मालकाचे लोकेशन हे सारे फोनवरच हवे. भविष्यनिर्वाह निधीची शिल्लक पाहायची तर फोन. असंघटित कामगाराची ई-श्रम नोंदणी २०२१ साली सुरू झाली, तीही पोर्टलवर. २०२५ साली लाडक्या बहिणींना ई-केवायसी करावयास सांगितले, तेही संकेतस्थळावर. पूर्वी इंटरनेट चैन होती. आज ती नोकरीची आणि रेशनची किल्ली आहे. आणि याच काळात दर पुन्हा चढू लागले: २०१९, २०२१ आणि २०२४. २०२४ च्या जुलैत एका मोठ्या कंपनीची २८ दिवसांची, रोज दीड जीबीची योजना २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेली. २०२५ च्या ऑगस्टात दोन मोठ्या कंपन्यांनी रोज एक जीबीची २४९ रुपयांची योजनाच काढून घेतली. म्हणजे शिडी तीच राहिली, खालची पायरी तेवढी गेली.

आता आपण सगळे मिळून थोडा हिशेब करू. २९९ रुपयांत २८ दिवस रोज दीड जीबी, म्हणजे एकूण ४२ जीबी. एका जीबीला पडले सुमारे ७ रुपये. मध्येच डेटा संपला आणि सुटा एक जीबी घ्यावा लागला तर २०२४ च्या दरवाढीनंतर त्याला १९ ते २२ रुपये पडू लागले. आणि ज्याचे स्वतःचे पक्के घर आहे, ज्याच्या इमारतीत केबल आली आहे, त्याला ३९९ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे सुमारे ४७१ रुपयांत महिनाभर घरगुती फायबर मिळत आला आहे. त्याच्या घरात महिन्याला २०० जीबी वापरले गेले तर एका जीबीला पडले अडीच रुपयांच्या आत. मर्यादा गाठेपर्यंत वापरले तर पैशांतच मोजावे लागेल.

तेव्हा कमी घेणाऱ्याला महाग आणि जास्त घेणाऱ्याला स्वस्त, असा हा बाजार आहे. किराणा दुकानात शाम्पूची पुडी घेणाऱ्या बाईला हे सांगावे लागणार नाही. पण शाम्पूवाचून माणसाचे अडत नाही. जिच्यावाचून अडते त्या विजेचे उदाहरण घ्या. महावितरणचे घरगुती बिल काढून पाहा. पहिल्या १०० युनिटांचा दर सगळ्यांत कमी, पुढे वापर वाढेल तसा दर चढत जातो. दिव्यापुरती वीज गरिबाला परवडली पाहिजे, हे तत्त्व आपण विजेत मान्य केले. डेटात त्याच्या नेमके उलटे चालले आहे.

दुसरी गोष्ट २८ दिवसांची. २८ दिवसांचा महिना धरला तर वर्षाला १३ रिचार्ज होतात. पगार मात्र १२. कामगारांनी वर्षानुवर्षे झगडून १९६५ चा बोनस कायदा मिळविला आणि पुढे किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाकाठी एका महिन्याच्या पगाराइतका करून घेतला. आम्ही तेराव्या पगारासाठी रस्त्यावर आलो. कंपन्यांना तेरावा महिना घरबसल्या मिळाला. २०२२ साली ट्रायने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांची निदान एक योजना ठेवायला लावली, हे खरे. परंतु दुकानदाराकडे जाऊन “रिचार्ज मार” म्हटले की २८ दिवसांचाच मारला जातो. समजा घरात १२,००० रुपये येतात आणि फोन दोन आहेत. दोन फोनांचे २९९ प्रमाणे १३ रिचार्ज म्हणजे वर्षाला ७,७७४ रुपये. महिन्याला पडले ६४८. मिळकतीतले शंभरातले पाच रुपये याच खात्यात गेले.

तिसरी गोष्ट रोजच्या मापाची. आजचा दीड जीबी आज संपला नाही तर मध्यरात्री बुडाला. लॅशिंगवरचा कामगार पाळीत फोनला हात लावीत नाही. त्याचा शिधा खिशातल्या खिशात शिळा होतो. सुटीच्या दिवशी मुलांना दुप्पट लागतो, तेव्हा तो दुपारीच संपतो आणि वेग इतका उतरतो की साधा फोटोसुद्धा चढत नाही.

येथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गेटसभेनंतर आमच्या कार्यकर्त्यांनी सगळ्या भाषणांचे व्हिडिओ युनियनच्या ग्रुपवर टाकले. त्यात आमचे पाऊण तासाचे भाषणही होते. आम्हांला मोठे समाधान वाटले. आठवड्याभराने एक कामगार भेटला. त्याची मुलगी बारावी पास झालेली. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. घरात फोन एकच. बाप पाळीवरून आला तेव्हा संध्याकाळ झालेली, आणि मुलगी अर्ज भरायला बसली तर डेटा संपलेला. फोनने आमची भाषणे आपण होऊन उतरवून घेतली होती. दाखल्याचा फोटो काही केल्या चढेना. वस्तीतले रिचार्जचे दुकान बंद झालेले, बापाच्या खात्यात पगार यायचा होता. रात्री बाराला नवा शिधा मिळणार होता, आणि अर्जाची मुदत बारालाच संपत होती.

तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “भाऊ, एकोणीस रुपयांची गोष्ट होती.”

मुलगी शिकते आहे. पहिल्या वर्षाची पुरी फी बापाने कर्ज काढून भरली. त्या दिवसापासून आमच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा नाही असा आम्ही नियम केला. जे सांगायचे ते चार ओळींत लिहून सांगतो. पण आमच्या नियमाने प्रश्न सुटत नाही. कामगाराच्या घरात कशाला किती डेटा जातो हे आम्ही, त्यांचेच पुढारी, विचारात घेतले नव्हते. मग दूर बसून दरपत्रक ठरविणारा कशाला घेईल?

आता दुसरी बाजू. कोणी म्हणेल, जो जास्त वापरील त्याने जास्त द्यावे, यात अन्याय कोणता? हा आक्षेप योग्य आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे. बंदरातली क्रेन पाहा. जहाज लागो वा न लागो, क्रेनचे व्याज चालूच असते. खरी अडचण येते ती दहा जहाजे एकदम आली म्हणजे. इंटरनेटचेही तसेच. खर्च आहे तो टॉवरचा, केबलचा, लिलावात घेतलेल्या लहरींचा. एक जीबी जास्त गेल्याने केबल झिजत नाही. ताण पडतो तो संध्याकाळी सगळे एकदम बसले म्हणजे. मोबाइलच्या लहरी मर्यादित आहेत आणि त्या सगळ्यांत वाटून घ्यायच्या आहेत, म्हणून तेथे मोजणीला काही आधार आहे. तो आम्ही नाकारीत नाही. पण त्या आधाराने पहिला जीबी सगळ्यांत महाग कसा ठरतो, हे आम्हांला कोणी समजावून दिलेले नाही.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१६ साली लोकांनी डेटाच्या दराविरुद्ध ओरड केली. तेथील स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २०१९ च्या डिसेंबरात अहवाल दिला, की छोटे पॅक घेणाऱ्याकडून प्रमाणाबाहेर जास्त घेतले जाते आणि ही दररचना गरीबविरोधी आहे. त्यानंतर २०२० च्या एप्रिलपासून व्होडाकॉम या मोठ्या कंपनीने महिन्याच्या एक जीबीचा दर १४९ रँडवरून ९९ रँडवर आणला. आपल्याकडेही ट्रायने २०१६ च्या फेब्रुवारीत अमुक संकेतस्थळ स्वस्त आणि तमुक महाग असा भेद करण्याला बंदी घातली. २०२४ च्या डिसेंबरात, ज्याला डेटा नको त्याच्यासाठी नुसत्या बोलण्याचा पॅक ठेवायला लावले. नियामकाने मनात आणले तर काय होऊ शकते याची ही उदाहरणे आहेत. मात्र डेटाचा दर किती असावा, हे त्याने बहुतांशी कंपन्यांवरच सोपविले आहे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. पहिले, तेलाच्या पाकिटावर मापामागचा दर छापावा लागतो, तसा प्रत्येक पॅकवर एका जीबीचा दर ठळक छापावा, आणि पहिले काही जीबी विजेच्या पहिल्या १०० युनिटांसारखे स्वस्त असावेत. दुसरे, ज्या मालकाला कामगाराच्या फोनवर आपले ॲप हवे आहे, त्याने त्याचा डेटाही द्यावा. हत्यार मालकाच्या कामाचे, तर त्याचे तेलपाणीही मालकाचे. ही मागणी पुढच्या करारात आम्ही मांडणार आहोत. तिसरे, सार्वजनिक जागी मोफत वायफाय हवा: वाचनालयात, ग्रामपंचायतीत, बंदराच्या पार्किंगमध्ये. यासाठी पीएम-वाणी ही योजना २०२० पासून आहे. गावातला चहावालासुद्धा तिच्यात वायफाय विकू शकतो. आणि २०२५ च्या जूनमध्ये ट्रायने अशा छोट्या विक्रेत्याला ब्रॉडबँड घरगुती दराच्या दुपटीहून महाग विकता येणार नाही असा आदेशही काढला. चौथे, सरकारने फॉर्मची मुदत मध्यरात्री संपवू नये, आणि डेटा संपलेल्या फोनवरही सरकारी पोर्टल उघडलेच पाहिजे.

या तालुक्याला हक्काची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकरी जमिनीच्या भावासाठी उभे राहिले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. जमीन घेताना माप सरकारचे आणि भाव सरकारचा, हे त्यांनी मान्य केले नाही. म्हणूनच पुढे साडेबारा टक्क्यांची विकसित जमीन देणे सरकारला भाग पडले. आज जमिनीच्या मानाने डेटा ही फार क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण ज्याची जमीन गेली त्याच्या नातवंडांना आता याच वाटेने शिक्षण आणि नोकरी शोधायची आहे.

आपण येथे तासभर बसलात. किती शब्द ऐकले म्हणून कोणी आपल्याकडे पैसे मागितले नाहीत. ज्ञान असे वाटायचे असते, असे ही व्याख्यानमाला चालविणारे मानतात. सगळेच असे फुकट मिळावे हा आमचा आग्रह नाही. माप राहू द्या. फक्त काट्याकडे आपलेही लक्ष असू द्या, आणि घरी गेल्यावर आपल्या रिचार्जचा एका जीबीमागचा दर एकदा काढून पाहा. शेजारच्या कामवाल्या बाईच्या रिचार्जचाही काढा. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की आमच्या भाषणाची गरज उरणार नाही.