आराखडा कुणाला बांधतो?

परिषदेचे स्वागताध्यक्ष, व्यासपीठावरचे सहकारी, राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेले विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि मागच्या दोन रांगांत बसलेले पालक,

पालकांना मागे बसवलं आहे, हे इथे वर आल्यावर माझ्या लक्षात आलं. संयोजकांचा त्यात काही वाईट हेतू नाही, पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या असतात अशी आपली जुनी सवय आहे. पण आज ज्या कागदाबद्दल मला बोलायचं आहे त्यावरही पालकांची जागा अशीच शेवटी, सहीपुरती असते. तो कागद म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. आपण सगळे त्याला आयईपीच म्हणतो, मीही दोन्ही शब्द वापरेन.

दर जून-जुलैमध्ये आपण आयईपी लिहितो, तपासणी आली की फाईल काढतो आणि मार्चमध्ये शेरा मारतो. हे सगळं इमानेइतबारे करूनही मुलाच्या दिवसात काही बदलत नाही, असं अनेकदा होतं. याचं कारण शिक्षकांचा आळस आहे असं मला वाटत नाही. आपण या कागदाचा अर्धाच भाग उचलला, असं माझं मत आहे, आणि आज तेवढंच सांगायचं आहे.

ही कल्पना अमेरिकेतून आली. १९७० पर्यंत तिथे अपंग मुलाला शाळेने दारातून परत पाठवणं बेकायदेशीर नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालक संघटनेने राज्याला कोर्टात खेचलं, वॉशिंग्टनमधल्या पालकांनीही तसाच दावा लावला, आणि १९७२ पर्यंत दोन्हीकडे मुलांच्या बाजूने निर्णय झाले. पुढे २९ नोव्हेंबर १९७५ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. आयईपी त्या कायद्यातला आहे. मूल आज कुठे आहे, वर्षाअखेर कुठे पोचेल, त्यासाठी शाळा कोणती सेवा किती वेळ देईल, हे त्यात लिहायचं, आणि लिहिणाऱ्यांमध्ये आईवडील असलेच पाहिजेत. ते पटलं नाही तर पालकांना निष्पक्ष अधिकाऱ्यापुढे सुनावणी मागता येते आणि तिथेही समाधान झालं नाही तर कोर्टात जाता येतं. थोडक्यात, तो आराखडा शाळेला बांधतो. मुलाने उद्दिष्ट गाठलं नाही तर प्रश्न आधी शाळेला विचारला जातो.

याचं एक उदाहरण आपल्या प्रत्येक प्रशिक्षणात शिकवलं जावं असं मला वाटतं. कोलोरॅडो राज्यातल्या डग्लस कौंटीत एक स्वमग्न मुलगा शिकत होता. त्याचा आयईपी दरवर्षी व्हायचा, पण पालकांनी कागद शेजारी ठेवून पाहिले तेव्हा लक्षात आलं की उद्दिष्टं जवळपास तीच आहेत, वर्षं फक्त बदलली आहेत. पाचवीचाही तसाच आराखडा पुढे आला तेव्हा त्यांनी मुलाला खासगी शाळेत घातलं. तिथे त्याच्या वागणुकीचा नीट अभ्यास झाला, उद्दिष्टं कसोशीची ठेवली गेली आणि तो पुढे सरकू लागला. खालच्या कोर्टांनी शाळेच्या बाजूने कौल दिला, कारण थोडी का होईना, प्रगती झाली होती. मार्च २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते फिरवलं. त्या मुलाची परिस्थिती लक्षात घेता योग्य म्हणता येईल अशी प्रगती होईल, या बेताने आराखडा आखलेला असला पाहिजे, नुसती शून्यापेक्षा जास्त प्रगती पुरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. एखाद्या पालकाने मागच्या चार वर्षांचे आयईपी एकाखाली एक ठेवले तर आपल्यापैकी किती जणांना घाम फुटेल, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

आपल्याकडे काय आहे? २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला आणि १९९५च्या कायद्यातल्या सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकार आले. कलम १६ शाळेला बजावतं की विद्यार्थ्याला लागेल तो आधार, वैयक्तिक किंवा अन्य स्वरूपाचा, द्या, आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या सहभागावर व प्रगतीवर लक्ष ठेवा. कलम चांगलं आहे. पण त्या आधाराचा लेखी आराखडा झाला पाहिजे, त्याची प्रत पालकांना मिळाली पाहिजे, तो पाळला नाही तर दाद कुठे मागायची, यातलं काहीही त्यात लिहिलेलं नाही. म्हणजे आपण तिथला अर्ज आणला आणि अपील तिथेच ठेवून आलो. अपील नसलेला आराखडा शाळेला बांधत नाही. मग तो कुणाला बांधतो? मुलाला. ‘उद्दिष्ट साध्य झाले नाही’ हा शेरा मुलाच्या नावापुढे पडतो.

आपल्याकडे या विषयात काम झालंच नाही, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. १९४४मध्ये मुंबईत जय वकील शाळा सुरू झाली ती एका पारशी जोडप्याने आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी केलेल्या धडपडीतून. मद्रासच्या विजय ह्यूमन सर्व्हिसेसने अठरा क्षेत्रं आणि प्रत्येकात वीस कृती अशी ३६० कृतींची सूची केली. आपण तिला एमडीपीएस म्हणतो. पुढे सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने स्वतःची तपासणीसूची दिली. या साधनांनी निदान ‘मूल काहीच करत नाही’ हे वाक्य बंद पाडलं. पण साधनाचा वापर कसा होतो पाहा. सूचीत जिथे ‘नाही’ची खूण पडते, तेच उचलून उद्दिष्टाच्या रकान्यात जातं. मूल काय करतं हा भाग ‘सध्याची पातळी’ या रकान्यात एका ओळीत संपतो. मग धारणीचा आराखडा आणि दादरचा आराखडा सारखाच दिसू लागतो. मेळघाटातलं मूल वस्तूचं नाव कोरकूत सांगतं, धडगावचं पावरीत. मराठी सूचीवर त्यांच्या नावापुढे ‘नाही’ लागतं. हे त्यांचं अज्ञान नव्हे, तपासणाऱ्याचं.

एक मुलगा सांगते, खुणा बदलून. वय पंधरा, बौद्धिक अक्षमता मध्यम. एसटी स्टँडसमोर वडिलांची चहाची टपरी. त्याच्या आयईपीत सलग काही वर्षं ‘१ ते १०० अंक क्रमाने लिहील’ हे उद्दिष्ट होतं आणि कधी चाळीसपर्यंत, कधी पंचावन्नपर्यंत गाडी पोचायची. शाळेतल्या कुणीही टपरीवर जाऊन पाहिलं नव्हतं. तिथे हा मुलगा सहा जणांची ऑर्डर न लिहिता लक्षात ठेवत होता, कोणता कंडक्टर बिनसाखरेचा घेतो हे त्याला पाठ होतं आणि समोरच्या डेपोत किटली घेऊन जाताना तो आधी दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडत होता. अडत होतं ते एकाच ठिकाणी. वीसची नोट दिली की सुटे परत देताना तो वडिलांकडे बघायचा. नव्या आराखड्यात हेच घेतलं: दहा रुपयांच्या एका चहाला वीसची नोट दिली तर दहा परत देणं, कुणी न सांगता, लागोपाठ पाच दिवस, दहापैकी नऊ वेळा. परक्या माणसानेही टपरीवर उभं राहून तपासून पाहावं, असं हे उद्दिष्ट आहे. ‘व्यवहारज्ञान वाढेल’ हे वाक्य कुणी तपासायचं आणि कसं?

पण इथेच एक खड्डा आहे. टपरीवाल्याच्या मुलाला आपण पटकन ‘व्यवहारोपयोगी’ उद्दिष्टं देतो आणि ज्याचे वडील मोटारीने सोडायला येतात त्याच्यासाठी वाचन, गोष्टी, संगणक काढतो. दोघांचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र एकाच टक्क्याचं असतं. हे मी अनेक शाळांत पाहिलं आहे आणि ते मला सहन होत नाही. सुटे पैसे परत देता येणं ही त्या मुलाची गरज होती. पण बसच्या पाट्या वाचायची त्याला भयंकर हौस होती, आणि तिलाही आराखड्यात जागा मिळायला हवी होती. पंधरा वर्षांच्या मुलाकडून टाळ्या पिटत बडबडगीतं म्हणून घेणं थांबवा, एवढंही केलं तरी पुष्कळ होईल.

सर्वसाधारण शाळांत गेलेल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. तिथे आराखडा बनवायला माणूसच नसतो. ऑक्टोबर २०२१मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधल्या विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून पदं निर्माण करायला सांगितलं. केंद्राने २०२२मध्ये प्राथमिकसाठी दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकसाठी पंधरा मुलांमागे एक असं प्रमाण अधिसूचित केलं. समग्र शिक्षामधले आपले कंत्राटी सहकारी गट साधन केंद्रातून निघून तालुक्यातल्या शाळा पालथ्या घालतात, त्यांनी हे आकडे ऐकून हसू नये. त्यांना माझा सल्ला असा की बारा पानांचा आराखडा करू नका. एक पान, तीन उद्दिष्टं, प्रत्येकापुढे वर्गशिक्षकाचं नाव आणि वेळ. मूल वर्गशिक्षकाचंच आहे, पट त्यांचाच आहे.

आणि प्रमाणपत्राची वाट पाहू नका. चाळीस टक्के ही अट सवलतींसाठी आहे, शिकवण्यासाठी नाही. अध्ययन अक्षमता दुसरी-तिसरीतच दिसू लागते, पण रुग्णालयातल्या रांगा नववी-दहावीत लागतात, कारण बोर्डाची जादा वेळेची आणि लेखनिकाची सवलत हवी असते. मधली सहा-सात वर्षं त्या मुलाने ‘ढ’ म्हणवून घेत काढलेली असतात.

अठराव्या वर्षाबद्दल थोडंच बोलते, कारण बोलावं तितकं कमीच. कलम ३१ मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वयापर्यंत देतं. अमेरिकेच्या कायद्यात शाळेनंतरच्या आयुष्याचं नियोजन सोळाव्या वर्षी आयईपीत आलंच पाहिजे. आपल्याकडे निरोप समारंभ होतो, श्रीफळ दिलं जातं आणि मूल घरी बसतं. मागच्या रांगेतल्या पालकांना ‘आमच्यानंतर काय’ याखेरीज दुसरा प्रश्न नसतो आणि त्याला आपल्या कागदात रकाना नाही.

महाराष्ट्राने २०२२मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. चांगलं झालं. पण विशेष शाळा या विभागाकडे आणि बाकीच्या शाळा शिक्षण विभागाकडे, त्यामुळे मूल विशेष शाळेतून जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलं की त्याचा आराखडा दोन मंत्रालयीन मजल्यांच्या मध्ये हरवतो. दोन्ही विभागांनी एकच नमुना आणि एकच नियम केला तर हे थांबेल.

म्हणून परिषदेपुढे एक ठराव ठेवते. राज्य शासनाने नियम करून प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा लेखी आराखडा शाळेवर बंधनकारक करावा. तो पालकांना समजेल अशा भाषेत असावा, बैठक त्यांची मजुरी बुडणार नाही अशा वेळी व्हावी आणि प्रत त्यांच्या हातात पडावी. आराखडा पाळला गेला नाही तर कायद्यातल्या राज्य आयुक्तांकडे ठरलेल्या मुदतीत दाद मागता यावी. यातून आपल्यावरच तक्रारी होतील, अशी भीती काहींनी सकाळीच बोलून दाखवली. होतील. पण पद रिकामं आहे, उपचारतज्ज्ञ वर्षभर आला नाही, श्रवणयंत्राचे सेल मिळाले नाहीत, हे पालकांच्या तक्रारीतूनच वर पोचेल. आपल्या पत्रांचं काय होतं ते आपण जाणतोच.

ठरावाचा मसुदा चहाच्या वेळी सगळ्यांना वाटला जाईल. दुरुस्त्या दुपारपर्यंत लेखी द्या, आणि संध्याकाळी मतदान होईल तेव्हा पालकांनाही मत द्यायचा अधिकार असू द्या, अशी अध्यक्ष म्हणून माझी सभागृहाला विनंती आहे.