चाल लावायला कधी शिकवणार?



आज मंगळवार. सिद्धिविनायकाच्या गर्दीतून वाट काढत रवींद्र नाट्य मंदिरापर्यंत पोहोचतानाच तुमची निम्मी शक्ती खर्ची पडली असेल. म्हणून आभाराचे हार बाजूला ठेवतो आणि थेट तक्रारीवर येतो.

आपले विद्यार्थी विशारद होतात. दहा थाट, वादी-संवादी, तिहाई सगळं तोंडपाठ. पण त्यांच्यापुढे चार अनोळखी ओळी ठेवून चाल लावा म्हटलं, की ते पेटीवर राग शोधू लागतात. ओळ मोठ्याने वाचून पाहावी, असं फार थोड्यांना सुचतं. यात दोष त्यांचा नाही, आपण ते शिकवलेलंच नाही.

सुरुवात अभंगापासून करता येईल. मोठ्या अभंगात तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. भजनी ठेका आठ मात्रांचा. अक्षराला एक मात्रा धरली, तर पहिल्या तीन चरणांत दोन-दोन मात्रा शिल्लक राहतात. त्या कोणत्या अक्षराला द्यायच्या? विठ्ठलाच्या नावाला दिल्या तर ओळ आर्जव करते; क्रियापदाला दिल्या तर तीच ओळ त्याच्याशी भांडायला उठते. समेवर कोणतं अक्षर आणायचं, हाही अर्थाचाच निर्णय. चौथ्या चरणात तर अर्धं आवर्तन मोकळं. तिथे स्वर लांबवायचा, टाळ-मृदंगाला वाव द्यायचा, की मुखडा लवकर उचलायचा? माझ्या मते रचनेचा पहिला धडा हा आहे, राग त्यानंतर. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ लिहिली ती गायकांसाठी, पण चाल लावणाऱ्यानेही ती उशाशी ठेवावी.

दुसरा धडा उसनवारीचा. नाकं मुरडू नका. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा पदं प्रचलित चालींवरच बेतली होती. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातून आलेला कामगार पाळी संपवून शक्ती-तुऱ्याला उभा राहायचा आणि सिनेमाच्या चालीवर सवाल रचायचा. तयार चालीत आपले शब्द बसवताना कुठे खटकतं हे जिभेला कळतं. तिथेच अडकून पडू नये, एवढंच. पुढे 1911च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी चालींचं दालनच उघडलं, तेही आधीचं पुष्कळ कानात मुरल्यावर.

आणि भातखंडे? त्यांना आपण स्वरलिपीकार आणि संग्राहक करून टाकलं. वाळकेश्वरला जन्मलेल्या या वकिलाने रागाची लक्षणं सांगणारी लक्षणगीतं स्वतः रचली, ‘चतुर’ या नावाने. शास्त्र शिकवायचं तर बंदिश बांधून शिकवावं, हे त्यांना उमगलं होतं. त्यांची क्रमिक पुस्तकं आपण घेतली, ही खोड मात्र घेतली नाही.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक परीक्षेत एक अपरिचित अभंग द्यावा, अर्धा तास द्यावा, आणि चाल ऐकण्याआधी परीक्षकाने विचारावं: ही मात्रा याच अक्षराला का दिलीस? उत्तराला गुण द्यावेत, गळ्याला नकोत.

दुपारच्या सत्रात हा प्रयोग आपल्यावरच करू. अभंग फळ्यावर असेल. पेट्या बंद राहतील. पहिली पंधरा मिनिटं फक्त वाचन आणि हातावर ताल. अध्यक्षालाही सूट नाही.